सोयरिकीचा कागद

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गीकडचे आळंद, अफजलपूर या पट्ट्यातल्या मराठी घरांत लग्न ठरले, टिळा झाला, की एक मत हल्ली फार ठामपणे मांडले जाते. छापील पत्रिकेचे दिवस गेले, असे ते मत. मोबाइलवर एक चित्र टाकले की क्षणात पाचशे घरांत निमंत्रण पोहोचते, मग छापखान्याच्या खेपा कशाला आणि पाहुण्यांकडे गावोगाव हिंडणे कशाला? कागद वाया जातो, पैसा वाया जातो, दिवस वाया जातात. आणि एवढे करून छापायचीच असेल, तर जाड कागदाची, सोनेरी वर्खाची, इंग्रजी मजकुराची छापावी. तीच आता ‘क्लासिक’. कुलदैवत, आजोबा, मामा, मु. पो. आणि तालुका असलेली जुन्या घाटाची मराठी पत्रिका म्हणजे खेडवळपणा, आणि शिवाय कर्नाटकात राहून मराठी वाचणार कोण? हे सगळे शिकलेली, शहरांत नोकरीला असलेली मुले-मुली बोलतात, म्हणून घरातली वडीलधारी गप्प बसतात. त्यांच्याजवळ उत्तर नाही असे कोणी समजू नये. उत्तर आहे, आणि ते या मताचा एकही भाग उभा ठेवत नाही.

आधी ज्या कागदाला जुनाट म्हटले जाते, तो नीट वाचला पाहिजे. वर मध्यभागी दैवताचे नाव असते. कुठे तुळजाभवानी, कुठे भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार मल्लण्णा, कुठे माणिकनगरचे माणिकप्रभू, कुठे गाणगापूरचे दत्तमहाराज. त्या एका ओळीवरून जाणत्या माणसाला घराण्याचा निम्मा ठावठिकाणा कळतो. त्याखाली वधू आणि वर, पण नुसती नावे नव्हेत: कोणाची नात, कोणाची ज्येष्ठ कन्या, कोणाचा द्वितीय चिरंजीव, राहणार कोणत्या गावचे, तालुका कोणता, जिल्हा कोणता. मग शके, संवत्सराचे नाव, तिथी, वार, इंग्रजी तारीख आणि मुहूर्त, घटका-मिनिटांसह. लग्नस्थळ. निमंत्रक म्हणून भावकीतल्या वडीलधाऱ्यांची नावे, मामा, आत्याचे यजमान. आणि कोपऱ्यात चिमुकल्यांची ती मामाच्या किंवा काकाच्या लग्नाला येण्याची आग्रहाची ओळ, जिच्यात घरातल्या सर्वांत लहान माणसालाही यजमानाचा मान मिळतो. हे सगळे एका पानावर मावते. यातली कोणती ओळ निरुपयोगी आहे? कोणती काढली तर वाचणाऱ्याचे काही अडणार नाही? आजोबांचे नाव काढले तर चार गावांपलीकडच्या वृद्ध पाहुण्याला हे लग्न नेमके कोणाच्या घरचे, ते कळत नाही. गाव काढले तर एकाच आडनावाच्या दहा घरांतले कोणते, ते कळत नाही. तिथी-संवत्सराची ओळ काढली तर मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही घरांना एकाच वेळी कळणारी कालगणना जाते. शालिवाहन शक आणि अमावास्येला संपणारा महिना या तिन्ही भाषांच्या प्रदेशांत सारखाच आहे. शके १९४७ हा विश्वावसू संवत्सर उदगीरला तोच, बिदरला तोच आणि जहिराबादलाही तोच.

हा कागद सीमाभागात जितका लागतो तितका पुण्या-मुंबईत कदाचित लागत नसेल, आणि याचे कारण भूगोलात आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात बिदर हा एक सलग जिल्हा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर त्यातच, भालकी-हुमनाबाद त्यातच, जहिराबाद-नारायणखेडही त्यातच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार फेरमांडणी झाली तेव्हा या एका जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण म्हैसूर राज्यात गेले. रेषा ओढणाऱ्यांनी भाषेचे आकडे पाहिले असतील. सोयरिकी कोणी पाहिल्या नाहीत. भालकीची लेक उदगीरला दिलेली, औरादची सून देगलूरची, आळंदचे पाहुणे उमरग्याला आणि अक्कलकोटला, हे त्या रेषेने थांबले नाही, आजही थांबलेले नाही. विकाराबादहून परळीकडे जाणारा लोहमार्ग जहिराबाद, बिदर, भालकी, उदगीर, लातूर रोड असा जातो. एकाच गाडीला तीन राज्ये लागतात, आणि त्या स्टेशनांवर उतरणारे लग्नाचे पाहुणे एकमेकांचे व्याही, साडू, मेहुणे असतात. राज्याने ज्यांना वेगळे केले त्यांना एकत्र नोंदवणारा कागद या माणसांजवळ दुसरा कोणता आहे? शिधापत्रिका एका राज्याची, सातबारा एका राज्याचा, पहाणी दुसऱ्या राज्याची. वधूकडचे गाव आणि वराकडचे गाव, दोन्हींचे तालुके, दोन्हींचे जिल्हे एकाच पानावर आमनेसामने छापलेले असतात ते फक्त लग्नपत्रिकेत.

त्या पानाची किंमत काळाबरोबर वाढते. उदगीरच्या एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या पत्रिका शेजारी ठेवल्या, तर पहिलीवर जिल्हा बिदर असणार, दुसरीवर जिल्हा उस्मानाबाद आणि १६ ऑगस्ट १९८२ नंतरच्या तिसरीवर जिल्हा लातूर. घर हलले नाही, जिल्हा दोनदा बदलला. पणजीचे माहेर कोणते, ती कोणाची लेक, कोणत्या साली या घरात आली, हे सांगणारा दुसरा पुरावा बहुतेक शेतकरी घरांत नसतो. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. सासरी नाव बदलते, जमिनीच्या नोंदीत ती क्वचित येते, वंशावळीत तिची ओळच नसते. तिच्या माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव सासरच्या नावाशेजारी छापून राहते ती तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर. ही पत्रिका ट्रंकेत, देवघरात, पंचांगाच्या पानांत टिकते. मोबाइलवरचे चित्र किती टिकते? फोन बदलला, साठवण भरली, की शेकडो शुभेच्छांबरोबर तेही पुसले जाते. पन्नास वर्षांनी नातीने विचारले तर तिला काय दाखवणार?

आता भाषेचा मुद्दा. कर्नाटकात मराठी वाचणार कोण, हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याच पाहुण्यांची यादी एकदा काढावी. त्यातली किती घरे लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूर जिल्ह्यांतली आहेत? त्यांना इंग्रजी पत्रिका पाठवणे हा कोणता सोयीस्करपणा? आणि सीमेच्या अलीकडच्या घरांचे म्हणाल, तर या पट्ट्यातली मराठी कालपरवा कोणी बाहेरून आणलेली नाही. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती, तरी घरची मराठी गेली नाही. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. त्यांनी मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदुस्तानीतही पदे रचली, आणि आजही हुमनाबादच्या माणिकनगरात या भाषा एकत्र नांदतात. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात आहे आणि तिथे ज्या ग्रंथाचे पारायण होते ते गुरुचरित्र मराठीत आहे. जिथे देवस्थानाची भाषा राज्याच्या सीमेने ठरत नाही, तिथे घरच्या निमंत्रणाची भाषा तिने का ठरवावी?

यावर हलक्या आवाजात आणखी एक हरकत घेतली जाते: उगाच वाद नको, मराठी पत्रिका दिसली तर कन्नड शेजाऱ्यांना काय वाटेल. ही भीती शेजाऱ्यांवर अन्याय करणारी आहे. कर्नाटकाच्या कायद्याने साठ टक्के कन्नडचा आग्रह धरला आहे तो दुकाने आणि आस्थापनांच्या पाट्यांवर. कोणाच्या घरच्या लग्नपत्रिकेची भाषा कोणता कायदा ठरवत नाही. आणि शेजाऱ्यांना मान द्यायचा तर त्याचा चांगला रस्ता इथल्या छापखान्यांना ठाऊक आहे: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड घरांतली पत्रिकाही जवळपास याच घाटाची असते. वर दैवत, खाली वडीलधारी, मुहूर्त, स्थळ, आग्रह. म्हणजे जुन्या घाटाची दुभाषी पत्रिका हाती घेतलेल्या कन्नड शेजाऱ्याला त्यातले सगळे ओळखीचे वाटते. इंग्रजी पत्रिका मात्र दोघांनाही परकी. मराठी आजोबा ती वाचू शकत नाहीत आणि कन्नड शेजारची अज्जीही वाचू शकत नाही. दोन भाषांच्या माणसांना सारखेच दूर ठेवणाऱ्या कागदाला सर्वसमावेशक म्हणायचे तरी कसे?

या इंग्रजी ‘क्लासिक’ पत्रिकेकडे जरा रोखून पाहिले पाहिजे, कारण जुन्या पत्रिकेची जागा घ्यायला तीच पुढे केली जाते. तिच्यावर दोन नावे असतात, बहुतेकदा आडनावाशिवाय. मध्ये ‘वेड्स’. खाली तारीख, मंगल कार्यालयाचे नाव आणि नकाशासाठी चौकोनी ठिपक्यांची खूण. आजोबा गेले, आत्या गेली, मामा गेले, गाव आणि तालुका गेले, पोरांची ओळ गेली. उरलेल्या मोकळ्या जागेला साधेपणा म्हणतात. पण तो साधेपणा खोक्यात घालतात, खोक्याला मखमल, आत पेढ्याला किंवा सुक्यामेव्याला कप्पे, वर मेणाची मोहोर. ज्या घाटाचा या मातीतल्या एकाही लग्नविधीशी संबंध नाही त्याला कोणत्या हिशेबाने अभिजात म्हणायचे? अभिजात म्हणावे ते पिढ्यान्‌पिढ्या वापरून घासले गेलेले, ज्याच्यातला प्रत्येक भाग कामाचा ठरून टिकलेला. या कसोटीला बिदरच्या साध्या छापखान्यातली हळदीच्या रंगाची, एक घडीची पत्रिका उतरते. आयात केलेली नक्कल उतरत नाही.

वेगाचा मुद्दा सर्वांत जोराने मांडला जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. चित्र क्षणात पोहोचते हे खरे. पण काय पोहोचते? लग्न आहे ही बातमी पोहोचते. निमंत्रण पोहोचले असे आपल्याकडे तेव्हाच मानतात, जेव्हा पत्रिकेला हळद-कुंकू लागलेले असते, पाकिटावर ‘सहपरिवार’ असे हाताने लिहिलेले असते आणि घरातले कोणीतरी ती घेऊन उंबऱ्यापर्यंत आलेले असते. पहिली पत्रिका देवापुढे, मग मानाच्या पत्रिका, मग भावकी, मग गाव, हा क्रम ठरलेला आहे आणि त्या क्रमात प्रत्येक घराला आपले स्थान दिसते. दोनशे जणांच्या गटात टाकलेल्या एका चित्रात कोणाला स्वतःचे नाव दिसते? ‘गटावर टाकले होते की’ हे उत्तर ऐकून किती घरांनी मन मोडून घेतले, लग्नाला जाणे टाळले, हे या भागातल्या कोणत्याही कुटुंबाला सांगावे लागणार नाही. भालकीहून उदगीरला पत्रिका घेऊन जाणारा काका दिवस वाया घालवतो, असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवसात काय होते ते पाहावे. चहा होतो, जुना अबोला सुटतो, आजारी माणसाची विचारपूस होते, लग्नाच्या आधी कोण कधी येणार ते ठरते. दूर बेंगळुरूला, पुण्याला, परदेशात असलेल्यांना छापील पत्रिकेचे छायाचित्र पाठवून फोन करावा. त्याला कोणाची हरकत नाही. पण छायाचित्र कशाचे काढणार, पत्रिकाच नसेल तर?

मोबाइलवरच्या निमंत्रणाला आता एक धोकाही चिकटला आहे. लग्नाचे निमंत्रण म्हणून पाठवलेली फाइल उघडली आणि तिच्यातून फोनमध्ये घातक अॅप शिरले, असे प्रकार गेल्या काही काळात देशभर घडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशाच्या पोलिसांनी याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याचे खाते अशाच निमंत्रणातून रिकामे झाले. सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. अनोळखी क्रमांकावरून आलेले निमंत्रण उघडू नका, असे पोलीस सांगतात. मग ज्या चुलत आजोबांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांकच साठवलेला नाही, त्यांनी तुमचे निमंत्रण उघडावे की नाही? हातात दिलेल्या पत्रिकेबद्दल हा प्रश्न पडत नाही.

आणखी एक गोष्ट आधुनिक म्हणवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. कर्नाटकात विवाह नोंदणीचा कायदा १९७६ चा आहे. नोंदणीच्या वेळी इतर कागदपत्रांबरोबर लग्नपत्रिका मागितली जाते. वधू महाराष्ट्रातली, वर कर्नाटकातला, लग्न तेलंगणातल्या देवस्थानात, अशा सोयरिकींत हा कागद किती उपयोगाचा ठरतो हे कचेरीत उभे राहिल्यावरच कळते. पत्रिकेने एकट्याने विवाह सिद्ध होत नाही हे खरे. पण तारीख, स्थळ आणि दोन्हीकडची पूर्ण नावे छापून आधीच गावभर वाटलेली आहेत, याला वजन असते. ज्यावर आडनावही नाही अशा इंग्रजी कार्डाला ते वजन कसे येणार?

खर्च आणि कागद यांच्याबद्दलची हरकत ऐकताना तर आश्चर्य वाटते. साधी, एक घडीची, दोन रंगांची पत्रिका हा लग्नाच्या खर्चातला सर्वांत किरकोळ भाग आहे. मांडव, जेवण, सजावट आणि लग्नाआधीच्या चित्रीकरणाची यादी शेजारी ठेवून कोणीही ताळा करावा. महाग होते ते खोके, मखमल आणि वर्ख. पर्यावरणाची काळजी खरी असेल तर ती कायद्याने कुठे दाखवली तेही पाहावे. १ जुलै २०२२ पासून देशात ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत निमंत्रणपत्रिकांभोवतीचे प्लास्टिकचे वेष्टन नाव घेऊन नोंदवलेले आहे. कागद त्या यादीत नाही. कर्नाटकाने तर २०१६ मध्येच प्लास्टिकच्या फ्लेक्स फलकांवर बंदी घातली, आणि तरीही पत्रिकेच्या कागदावर हळहळणाऱ्या घरांच्या दारात नवरा-नवरीचा वीस फुटी फ्लेक्स लागतो. झाड वाचवायचे तर फ्लेक्स उतरवा, वेष्टन काढा, चमकी आणि वर्ख टाळा. मग उरतो तो साधा कागद, जो रद्दीत जातो आणि पुन्हा कागद होतो.

एका हरकतीकडे मात्र मी आदराने पाहतो, कारण तिच्यामागे न्यायाची चाड आहे. जुनी पत्रिका म्हणजे पुरुषांची नावे, जातीचा डौल आणि पुढाऱ्यांचे फोटो, असे काही जण म्हणतात. पुढाऱ्यांचे फोटो आणि ‘प्रमुख उपस्थिती’च्या याद्या हे तर जुन्या घाटाचे अंगच नाही, रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर चिकटलेली ती बांडगुळे आहेत आणि ती कापून टाकावीत. पण म्हणून घाटच सोडावा, हे कसे निघते? हाच घाट या भागातल्या प्रत्येक समाजाने आपलासा केला आहे. बौद्ध घरांच्या पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेब येतात, लिंगायत घरांच्या पत्रिकेवर बसवण्णा, वारकऱ्यांच्या पत्रिकेवर विठ्ठल. घाट कोणा एका जातीची मालमत्ता असता तर हे झाले नसते. आणि लग्न ही फक्त दोघांची खाजगी बाब आहे, बाकीची नावे हवीत कशाला, असे म्हणणाऱ्यांना तर बसवकल्याणच्या शेजारी राहून असे बोलणे शोभत नाही. बाराव्या शतकात याच कल्याणात हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरसांची मुलगी यांचा विवाह बसवण्णांच्या अनुयायांनी, म्हणजे शरणांनी, उघडपणे लावला, असे परंपरा सांगते. एक चांभाराच्या घरचा, दुसरी ब्राह्मणाच्या घरची. राजा बिज्जळाच्या राज्यात त्या विवाहाबद्दल दोन्ही बापांना देहदंड झाला आणि कल्याण पेटले. दोघांनी गुपचूप संसार थाटला असता तर हे घडले नसते. दोन्ही घरे जगापुढे नाव घेऊन उभी राहिली, हेच त्या विवाहाचे सामर्थ्य होते. आजही जात ओलांडून लग्न करणाऱ्या जोडप्याला सर्वांत जास्त कशाची गरज असते? दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची पूर्ण नावे गावासह छापलेल्या पत्रिकेची, कारण ती निघाली की दोन्ही घरांनी चारचौघांत शब्द दिलेला असतो. दोन पहिल्या नावांचे कार्ड नेमकी तीच जबाबदारी कुटुंबांना टाळू देते. साधेपणा हवा असेल तर तोही याच राज्यात शिकण्यासारखा आहे. कन्नड कवी कुवेंपूंनी १९६६ साली आपल्या मुलाच्या, पूर्णचंद्र तेजस्वींच्या, विवाहासाठी मंत्रमांगल्य ही साध्या विवाहाची रीत घातली ती डामडौल नाकारूनच.

राहिला आईच्या नावाचा प्रश्न, आणि तो पत्रिकेच्या आत राहूनच सोडवायचा आहे. वधूच्या आईचे आणि वराच्या आईचे पूर्ण नाव, त्यांच्या माहेरच्या गावासह, वडिलांच्या शेजारी आणि त्याच आकाराच्या अक्षरात छापावे. निमंत्रकांत आत्या आणि मावशी स्वतःच्या नावाने याव्यात, ‘सौ. व श्री.’च्या आडोशाने नव्हे. आई विधवा असेल तर ती पहिली निमंत्रक असावी. घरात तिने लग्न ठरवले असेल तर कागदावर दिराचे नाव कोणत्या न्यायाने पुढे येते? येत्या तुळशीच्या लग्नानंतर भालकी, बिदर, कलबुर्गीच्या छापखान्यांत जी घरे जातील त्यांनी हे लिहून न्यावे: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, साधा कागद, फोटो आणि वेष्टन नको, दोन्ही घरांची गावे तालुका-जिल्ह्यासह, आजी-आजोबांची नावे, आयांची नावे आणि चिमुकल्यांची ती ओळ. मुलाने बाजूला उभे राहून इंग्रजी नमुना पुढे केला, तर वडिलांनी तो परत द्यावा आणि मराठी मजकूर आईकडून तपासून घ्यावा.